पिथोरागढ: खोऱ्यांनी आखलेला जिल्हा

मुनस्यारीतून समोर पंचाचूलीची पाच शिखरं दिसतात. त्या शिखरांच्या पलीकडच्या अंगाला दारमा खोऱ्यातलं दुग्तू गाव आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन गावांत 35-40 किलोमीटर अंतर भरतं. गाडीने जायचं तर आधी गोरीगंगेच्या काठाने दक्षिणेला जौलजीबीपर्यंत उतरायचं, तिथून कालीच्या काठाने धारचुला आणि तवाघाट गाठायचं, मग धौलीगंगेला धरून पुन्हा उत्तरेला चढायचं. दीडशेहून जास्त किलोमीटर होतात आणि अख्खा दिवस जातो.

उत्तराखंडच्या पूर्व टोकाला, नेपाळ आणि तिबेट यांच्या बेचक्यात बसलेला हा जिल्हा समजून घ्यायची किल्ली याच वळशात आहे. इथे माणसं, भाषा, व्यापार, सण, सरकारी कारभार आणि संकटंसुद्धा खोऱ्याप्रमाणे वाटली गेली आहेत. शेजारच्या खोऱ्यात काय चाललंय हे कळायला पूर्वी आठवडे लागत. उलट खिंडीपलीकडच्या तिबेटी बाजारातला मिठाचा भाव मात्र इथल्या व्यापाऱ्याला पक्का ठाऊक असे.

नद्यांचा सांगाडा

जिल्ह्याच्या पूर्वेला वरपासून खालपर्यंत काली नदी आहे. तीच नेपाळची सीमा. खाली सपाटीला उतरल्यावर तिला शारदा म्हणतात, नेपाळी लोक महाकाली म्हणतात. बाकीच्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून येऊन तिला मिळतात आणि त्यांचे संगम उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने लक्षात ठेवले की निम्मा जिल्हा पाठ झाला. गुंजीला कुठी यांक्ती मिळते, तिचा आणि कालीचा वरचा भाग म्हणजे ब्यांस खोरं. तवाघाटला दारमा खोऱ्याची धौलीगंगा मिळते. जौलजीबीला गोरीगंगा, म्हणजे जोहार खोरं आणि मुनस्यारी. सगळ्यात खाली पंचेश्वरला सरयू येते. तिने वाटेत रामेश्वरला पूर्व रामगंगा पोटात घेतलेली असते. चौदांस हा ब्यांस आणि दारमा यांच्या तोंडाशी असलेला उतारावरचा प्रदेश, तवाघाटच्या डोक्यावर.

नावांचा घोळ मात्र सांभाळायला हवा. जोशीमठजवळची धौलीगंगा वेगळी, ती चमोली जिल्ह्यात. कॉर्बेट अभयारण्यातली रामगंगा ही पश्चिम रामगंगा, तिचा इथल्या नदीशी संबंध नाही. इंटरनेटवर रस्त्याची किंवा पुराची बातमी शोधताना हा गोंधळ हमखास होतो.

उंचीचा पल्ला अफाट आहे. पंचेश्वरचं पात्र समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्याही खाली, तिथे आंबा आणि केळी पिकतात. वायव्य कडेला नंदादेवी पूर्व हे 7,434 मीटरचं शिखर चमोलीच्या हद्दीवर उभं आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 7,090 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 4,83,439, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम 68 माणसं. हा सरासरी आकडा फसवा आहे. धारचुला आणि मुनस्यारी हे उत्तरेचे दोन तालुके निम्म्याहून अधिक जमीन व्यापतात, पण त्यातली बरीचशी हिमनद्या, कडे आणि कुरणं आहेत. वस्ती दाटली आहे ती दक्षिणेच्या मधल्या उतारांवर, साधारण 1,000 ते 2,000 मीटरच्या पट्ट्यात.

गावं नदीकाठी का नाहीत, हा सपाटीवरच्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न. नद्यांनी इतक्या खोल घळी कापल्या आहेत की काठाला जागाच नाही. जिथे आहे तिथे पूर येतो, आणि पूर्वी तिथे हिवताप असे. म्हणून घरं उताराच्या मधोमध, झऱ्याच्या जवळ आणि शक्यतो दक्षिणेकडे तोंड करून. झऱ्यावर दगडी छप्पर घालून बांधलेल्या टाक्याला नौला म्हणतात आणि गावाचा आकार बहुतेक वेळा नौल्यावरूनच ठरलेला असतो. खाली पाटाच्या पाण्यावर भाताची खाचरं, वर कोरडवाहू मडुवा (म्हणजे आपली नाचणी), भट (म्हणजे काळं सोयाबीन) आणि गहत (म्हणजे कुळीथ), त्याच्याही वर बांजचं (म्हणजे ओकचं) जंगल. हे जंगल पाणी धरून ठेवतं. ते तुटून चीड (म्हणजे पाइन) वाढली की काही वर्षांत नौल्याची धार बारीक होते, ही तक्रार जिल्हाभर ऐकू येते.

सोर, सीरा, गंगोली, अस्कोट

आजचे तालुके कागदावरचे. लोकांच्या तोंडी जुने प्रदेश आहेत. पिथोरागढ शहर ज्या रुंद खोऱ्यात आहे ते सोर. डीडीहाटच्या भोवतीचा मुलूख सीरा. सरयू आणि पूर्व रामगंगेच्या मधला, गंगोलीहाट-बेरीनागचा भाग गंगोली. काली आणि गोरीच्या संगमावरचं डोंगरी राज्य अस्कोट. प्रत्येक ठिकाणी वेगळं छोटं राजघराणं होतं: अस्कोटला कुमाऊंच्या, म्हणजे उत्तराखंडच्या या पूर्व भागाच्या, जुन्या कत्यूरी राजवंशाशी नातं सांगणारे पाल, सोरमध्ये बम, सीऱ्यात पश्चिम नेपाळातल्या डोटीचे मल्ल. चंपावतच्या चंद राजांनी 1563 मध्ये राजधानी अल्मोड्याला नेली आणि मग ही राज्यं एकेक करून अंकित केली.

सीऱ्याची कथा मराठी वाचकाला थोडी जवळची वाटेल. राजा रुद्रचंद याला सीराकोटचा डोंगरी किल्ला काही केल्या पडेना. तो पाडला गंगोलीच्या पुरुषोत्तम ऊर्फ पुरखू पंत या सेनानीने. किल्ल्याचं पाणी तोडून गड घेतला, असं सांगतात. गंगोलीच्या पंतांची परंपरा सांगते की त्यांचे मूळपुरुष जयदेव पंत कोकणातून आले. त्याला समकालीन लेखी पुरावा दाखवणं अवघड आहे, पण ही आठवण त्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि कुमाऊंत पंत आडनाव भेटलं की हा विषय निघतोच.

1790 मध्ये नेपाळच्या गोरख्यांनी काली ओलांडून कुमाऊं घेतलं. पंचवीस वर्षांनी इंग्रजांनी त्यांना हाकललं आणि सुगौलीच्या तहाने काली ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली. तहावर डिसेंबर 1815 मध्ये सह्या झाल्या, मार्च 1816 मध्ये तो पक्का झाला. शहराच्या मध्यावर असलेला गोरखाकालीन किल्ला पुढे लंदन फोर्ट नावाने ओळखला गेला आणि त्यात बरीच वर्षं तहसील कचेरी होती. पिथोरागढ या नावाचा संबंध पृथ्वीराज चौहानाशी जोडणारे भेटतील. त्यावर फार विसंबू नये. स्थानिक इतिहास हे नाव पीरू ऊर्फ पृथ्वी गुसाईं याच्या किल्ल्याशी जोडतो.

जिल्हा म्हणून पिथोरागढ जन्मला तो 24 फेब्रुवारी 1960 रोजी, अल्मोड्यातून वेगळा होऊन. त्याच दिवशी चमोली आणि उत्तरकाशी हेही जिल्हे झाले. तिन्ही तिबेट सीमेवरचे, हा योगायोग नव्हता: चीनने तिबेटवर पकड बसवली होती आणि सीमेजवळ कलेक्टर हवा होता. 1997 मध्ये दक्षिणेचा चंपावत भाग वेगळा जिल्हा झाला. आज विकासगट आठ आहेत: बिण, मूनाकोट, कनालीछीना, डीडीहाट, धारचुला, मुनस्यारी, बेरीनाग आणि गंगोलीहाट. आणखी एक वेगळेपण म्हणजे इंग्रजी काळापासून डोंगरी गावांत पोलिसाचं काम पटवारी करत आला. महाराष्ट्रातल्या तलाठ्याकडे सातबाऱ्याबरोबर गुन्ह्याचा तपासही द्यावा, तशी ती पद्धत. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ती बंद करायला सांगितलं आणि आता टप्प्याटप्प्याने नेहमीचे पोलीस येत आहेत.

मीठ, लोकर आणि मोजलेली पावलं

जिल्ह्याचा सगळ्यात श्रीमंत इतिहास उत्तरेच्या खोऱ्यांत आहे. जोहारचे शौका आणि दारमा-ब्यांस-चौदांसचे रं हे लोक सरकारी कागदांत एकत्र भोटिया म्हणून नोंदले जातात. ते स्वतः मात्र फरक करतात, आणि तो आहेही: जोहारी बोली कुमाऊंनीच्या कुळातली, तर रं लोकांच्या ब्यांसी, दारमिया आणि चौदांसी या भाषा तिबेटी-बर्मी कुळातल्या.

वरच्या गावांत वर्षाला एकच पीक, तेही फाफर (कुट्टू), उवा (सातूसारखं धान्य) असलं थोडकं. त्यावर पोट भरत नाही. पण खिंडीपलीकडे तिबेटात मीठ, टाकणखार आणि लोकर भरपूर, धान्य मुळीच नाही. खाली कुमाऊंत धान्य, गूळ, कापड आहे, मीठ नाही. मधे राहणाऱ्याने दोन्ही टोकं जोडली. माल वाहणारे मुख्यतः शेळ्या-मेंढ्या. प्रत्येकीच्या पाठीवर करबछ नावाची दुहेरी थैली, दोन्ही बाजूंना सारखं वजन, एकूण 8 ते 12 किलो. घोड्या-खेचरांपेक्षा मेंढ्या का, तर त्या वाटेत चरत जातात, अरुंद वाटेवरून जातात आणि पलीकडे पोचल्यावर त्यांचीच लोकरही कातरता येते. प्रत्येक कुटुंबाचा पलीकडे ठरलेला तिबेटी व्यापारी मित्र असे आणि हे नातं वारशाने पुढे जाई.

ब्यांसचे लोक लिपुलेख खिंडीवरून तिबेटातल्या तकलाकोटला जात. ही वाट त्यातल्या त्यात सोपी. जोहारवाल्यांची सगळ्यात कठीण: मिलमच्या वर ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी अशा 5,000 मीटरवरच्या तीन खिंडी एकापाठोपाठ. मधे चारा आणि जळण नाही, त्यामुळे तिन्ही एकाच दिवसात ओलांडायच्या. हवा फिरली तर कळपच्या कळप गारठून मरत. 1954 च्या भारत-चीन करारात व्यापार-यात्रेसाठी ज्या सहा खिंडींची नावं आहेत त्यांतल्या कुंगरी-बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या तीन इथल्याच.

या वाटा आणि तिबेटी भाषा माहीत असणारी माणसं इंग्रज सर्वेक्षण खात्याला हवीच होती, कारण युरोपियनांना तिबेटात बंदी होती. मिलमचे शाळामास्तर नैनसिंह रावत काठमांडूमार्गे जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले. यात्रेकरूच्या वेशात ते अंतर मोजत होते. पाऊल इतकं तोलून टाकायचं की 2,000 पावलांत एक मैल व्हावा. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की 10,000 पावलं, पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढायची. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. त्यांचेच नातलग किशनसिंह पुढे तिबेट ओलांडून थेट चीनमधल्या दुनहुआंगपर्यंत जाऊन आले.

1962 च्या युद्धाने हे सारं एका हंगामात थांबलं. जोहारचा कणा मोडला. मिलम हे एके काळचं गजबजलेलं गाव; आज तिथे बहुतेक घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. 1967 मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पुढची पिढी शिकून सरकारी नोकऱ्यांत गेली. ब्यांस आणि दारमा तुलनेने जिवंत राहिले, कारण तिथली कुटुंबं अजूनही एप्रिल-मेमध्ये वर जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धारचुल्याला उतरतात. लिपुलेखवरून थोडा व्यापार 1992 मध्ये पुन्हा सुरू झाला, पण तो परवान्यांचा आणि ठरावीक वस्तूंचा होता. जुन्या उलाढालीशी त्याची तुलना नको. आता उन्हाळ्यात रोख पैसा देते ती कीडाजडी: गवताळ कुरणांत अळीवर उगवणारी बुरशी, मे-जूनमध्ये गुडघ्यांवर रांगत शोधायची. किलोची किंमत लाखांत असल्याने कुरणांच्या हद्दींवरून गावागावांत भांडणंही होतात.

कालीचा उगम आणि सीमेचा वाद

सुगौलीच्या तहाने काली ही सीमा ठरवली, पण काली नेमकी कुठून निघते ते सांगितलं नाही. गुंजीच्या वर दोन प्रवाह आहेत. भारत कालापानीकडून येणाऱ्या प्रवाहाला काली मानतो. नेपाळचं म्हणणं असं की वायव्येकडून, लिंपियाधुराकडून येणारी कुठी यांक्ती हीच खरी काली. दोहोंच्या मधला सुमारे 335 चौरस किलोमीटरचा त्रिकोण म्हणजे वादाचा विषय. गुंजी, नाबी, कुठी ही गावं त्यातच येतात. ती भारताच्या ताब्यात आहेत. मे 2020 मध्ये लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात नेपाळने नवा नकाशा काढला.

रोजच्या जगण्यात सीमा बरीच मऊ आहे. धारचुला आणि पलीकडचं दार्चुला यांच्यात झुलता पूल आहे, लग्नसंबंध आहेत. ब्यांसी लोकांची छांगरू आणि तिंकर ही गावं नेपाळात, बाकीची सात भारतात. फक्त संध्याकाळी पूल बंद होतो. आणि मोबाइल कधी कधी नेपाळी नेटवर्क पकडून घड्याळ पंधरा मिनिटं पुढे टाकतो. पहाटेची जीप धरायची असेल तर वेळ हाताने लावून ठेवा.

मुखवटे आणि झुडपांवरची चढाई

सणही खोऱ्याप्रमाणे बदलतात. सोरमध्ये भाद्रपदात आधी गौरा-महेश्वराचा आठूं होतो. त्यात भिजवलेली कडधान्यं, म्हणजे बिरुड, पुजतात. त्याला लागून कुमौड गावात हिलजात्रा. लाकडी मुखवटे घालून बैलजोड्या, काम टाळणारा आळशी बैल, हरीण, कोळी, भातलावणी करणाऱ्या बाया अशी सोंगं मैदानात येतात. शेवटी काळ्या वेशातला लखिया भूत, शिवाचा गण. त्याला दोघे जण दोरांनी मागे खेचून धरतात, तो शांत होऊन आशीर्वाद देतो तेव्हाच जत्रा पुरी होते. ही जत्रा नेपाळातल्या इंद्रजात्रेवरून महर भावांनी आणली, असं मानतात.

चौदांसमध्ये बारा वर्षांनी एकदा कंगडाली. त्या नावाचं झुडूप बारा वर्षांनी फुलतं, तेव्हा रं बायका विणकामाची लाकडी फळी, रिल, तलवारीसारखी हातात घेऊन त्या झुडपांवर चाल करतात आणि ती झोडपून काढतात. एका कथेप्रमाणे 1841 मध्ये तिबेटवर गेलेल्या जम्मूच्या डोगरा सेनापती जोरावरसिंहाच्या फौजेतले उरलेले सैनिक गाव लुटून या झुडपांत लपले होते. गेली कंगडाली 2023 ची.

डोंगर का कोसळतो

तवाघाटच्या आसपास हिमालयातली एक मोठी भूगर्भीय भेग, मुख्य मध्यवर्ती थ्रस्ट, नद्यांना आडवी जाते. खालच्या खडकांवर वरचे खडक सरकून चढले आहेत, त्यामुळे या पट्ट्यातला दगड चिरडलेला आणि भेगाळलेला. नदी पायथा कापते, रस्ता खोदताना उरलेला आधार काढला जातो, आणि पावसाचं पाणी भेगांत शिरून आतून दाब देतं. तिन्ही एकत्र आले की दरड येते. 1998 च्या ऑगस्टमध्ये मालपा गावात रात्री कडा कोसळून 200 हून अधिक माणसं गेली, त्यांत कैलास-मानसरोवरचे सुमारे साठ यात्रेकरू आणि नृत्यांगना प्रोतिमा बेदी होत्या. 2013 च्या जूनमध्ये धौलीगंगेच्या पुरात सोबला गाव वाहून गेलं आणि खालच्या 280 मेगावॉटच्या जलविद्युत केंद्रात पाणी शिरलं.

गावाच्या नावावरूनही थोडा अंदाज येतो. शेवटी ‘बगड’ असेल तर नदीकाठचा गाळाचा सपाट तुकडा, पावसाळ्यात मुक्कामाला वाईट. ‘छीना’ म्हणजे डोंगरधारेवरची खाच, वाऱ्याची पण पुरापासून सुरक्षित.

जायचं असेल तर

रेल्वे टनकपूर किंवा काठगोदामपर्यंतच. टनकपूर ते पिथोरागढ सुमारे 150 किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर पाच-सहा तास. काठगोदामहून अल्मोडामार्गे 200 च्या आसपास. पिथोरागढ ते धारचुला आणखी नव्वदेक. सामायिक जीपा पहाटे सुटतात, दुपारनंतर मिळणं कठीण. विमानतळ नैनी सैनीला आहे, पण उड्डाणांवर बेत बांधू नका.

अलीकडे महाराष्ट्रातून आदि कैलासच्या सहली पुष्कळ निघतात. एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या: आदि कैलास आणि ओम पर्वत ही दोन शिखरं एकाच वाटेवर नाहीत. गुंजीला फाटा फुटतो. डावीकडे कुठीमार्गे जोलिंगकोंग, तिथे आदि कैलास. उजवीकडे कालापानीमार्गे नाभीढांग, तिथून ओम पर्वत. दोन्हींसाठी इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायचा परवाना) लागतं, ते धारचुल्याच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतं. ओळखपत्र, फोटो आणि वैद्यकीय दाखला जवळ ठेवा. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याआधी विचारणं बरं.

रस्ता झाल्यापासून नवीन दुखणं उद्भवलं आहे. पूर्वी चालत जाणाऱ्याचं शरीर आठवडाभरात उंचीला सरावत असे. आता गाडी 900 मीटरवरच्या धारचुल्याहून 3,200 मीटरवरच्या गुंजीला एका दिवसात नेते आणि दुसऱ्या सकाळी 4,500 मीटरच्या वर. डोकेदुखी, उलटी, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर उतरणं हाच उपाय, तोही लगेच, रात्र असली तरी. सहलीत गुंजी-नाबीला दोन रात्री नसतील तर तो कार्यक्रम घेऊ नये. 3,000 मीटरनंतर झोपण्याची जागा दिवसाला 500 मीटरहून जास्त चढवू नये, हा साधा नियम. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

मे-जून आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्ट टाळा, गेलातच तर परतीसाठी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. नोव्हेंबरमध्ये वरची गावं रिकामी होतात, जेवण-निवारा मिळत नाही. त्या वेळी 14 नोव्हेंबरला सुरू होणारी जौलजीबीची जत्रा गाठावी. अस्कोटच्या पाल घराण्याने ती सुरू केली. दन (गालिचे), थुलमे (जाड लोकरी पांघरुणं), मुनस्यारीचा राजमा आणि फोडणीचं जंबू तिथे थेट विणणाऱ्या-पिकवणाऱ्यांकडून मिळतं. दन घेताना उलटवून पाहा: हाताने मारलेली गाठ मागच्या बाजूला स्पष्ट दिसते, यंत्राच्या गालिच्याला मागे कापडाचं किंवा डिंकाचं अस्तर असतं.